दहा दगडांचे साडेआठ

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

गाडी आली! रीडिंग ८७,४१२. टाकी तोंडापर्यंत फुल करून घेतली.

अश्वजितने जुनं क्राउन-पिनियन, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दातेरी जोडी, फडक्यात बांधून परत दिलं. अंगणात बसून मी दात मोजले. मोठ्या चाकाचे त्रेचाळीस, छोट्याचे आठ. नवीन बसवलंय त्याचे एक्केचाळीस आणि नऊ. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला आधी शाफ्टला सव्वापाचाच्या वर फेरे लागत होते, आता साडेचारात काम. दोन-तीन दातांचा खेळ! एवढ्यासाठी बिचारी जीप इतकी वर्षं साठच्या वर गेली की किंचाळत होती.

चंपा दारातून म्हणाली, "गाडी पाहून राह्यले का पोरीचं स्थळ?"

दोन्ही. या वहीत कशाला लपवू? पौर्णिमाने महिन्याभरापूर्वी सरळ सांगितलं की लग्न करीन तर अश्वजितशीच. मुलगा आपल्यातला, डिप्लोमा झालेला, कारंज्याला स्वतःचं गॅरेज. नाही म्हणायला जागा नाही. पण मी पडलो ड्रायव्हर माणूस. ज्याच्या हातची गाडी नीट चालते, त्याच्या हाती पोरगी द्यायला भीती नाही — हे माझं गणित. म्हणून जीप त्याच्याकडे टाकली. त्याला हे माहीत नाही. पौर्णिमाला आहे, म्हणून ती दोन दिवस नखं खात होती.

किल्ली देताना तो म्हणाला, "काका, पिकअप थोडा कमी होईन. पन ॲव्हरेज वाढन. आता बारा देते नं, साडेतेरा देईन. दोन्ही हातात लाडू नाई भेटत." स्पष्ट बोलला. आवडलं मला. मग मीटरचं काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, "बाबू, तीस वर्षं लॉगबुक भरलं म्या. मले मीटर नोको शिकवू." हसला आणि विषय सोडला.

आजचे उपकार — अश्वजितचे. आणि शेजारच्या ऋषिकेशचे, कारंज्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलं त्याने.

१२ फेब्रुवारी

पिकअप गेला! कामरगावच्या स्टँडवरून आठ सवाऱ्या घेऊन निघालो तर गाडी उठेचना. चिखलात बसलेल्या म्हशीला उठवावं तसं उठवली. जिथे चौथ्यात जायचो त्या चढावर तिसरा टाकावा लागला. एक ऑटोवाला मला मागे टाकून गेला, वर हात दाखवून!

असो. त्याने आधीच सांगितलं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये सोडली. काय शांत चालते! इतकी वर्षं मागच्या सवाऱ्या काय बोलतात ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. आज सगळं ऐकलं — कोणाची सोयाबीन गेली, कोणाची सून माहेरी गेली, आणि "दौलतरावची गाडी आता बुढी राह्यली नाई" हेही. रुखमाबाई तर खिडकीला डोकं टेकून घोरत होत्या. माझ्या जीपमध्ये झोपलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

काटा पन्नासवरच ठेवला होता, तरी कारंजा लवकर आलं. रस्ता मोकळा असेल.

ही वही सुरू केली ती नोकरी संपल्यावर. लॉगबुक भरायची खोड, आकडे लिहिल्याशिवाय दिवस मावळत नाही. चंपा म्हणाली होती, "नुसते आकडे काय लिवता? दिवसभरात कोनाचे उपकार झाले ते बी लिवत जा." तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, आकड्यांपेक्षा तोच रकाना भरायला मजा येते. आजचे उपकार — चंपाचे, ही खोड लावल्याबद्दल. एक्केचाळीस दातांचे. रुखमाबाईंच्या घोरण्याचे!

२ मार्च, रविवार

टाकी फुल ते टाकी फुल. रीडिंग ८७,८६९. चालली ४५७. डिझेल चाळीस लिटर.

अकरा पॉइंट चार.

तीनदा भागाकार केला. अकरा पॉइंट चारच. बाराची साडेतेरा होणार होती!

३ मार्च

पंपावर डिझेलला फेस आला असेल. एका टाकीवरून माणसाची परीक्षा करू नये. पुन्हा तोंडापर्यंत भरलीच आहे, बघू.

१६ मार्च, रविवार

रीडिंग ८८,२३८. चालली ३६९. डिझेल बत्तीस. साडेअकरा!

फेस-बिस काही नाही. पिकअपही गेला आणि ॲव्हरेजही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

डोकं फिरलं. पौर्णिमा लॅबमधल्या कामावरून आली तशी तिला समोर बसवलं. म्हटलं, "जो मानूस साडेतेरा म्हन्ते अन् साडेअकरा देते, त्याचा भरोसा काय? एक तं त्याले काम येत नाई, नाई तं तो थापा मारते. दोन्ही गोष्टी मले जावयात नोको."

ती म्हणाली, "बाबा, माह्यं लगन काय डिझेलवर चालते का?"

"संसार भरोशावर चालते."

"त्यानं तुमाले काहीतरी सांगतलं होतं म्हने. तुमी आयकून घेतलं नाई."

"मले आयकायची गरज नाई. मीटर बोलते."

ती उठून आत गेली. चंपा भाकरी थापत होती, आज फार जोरात थापल्या. मी फोन करून अश्वजितला सांगितलं — विषय इथेच संपला. तो म्हणाला, "बरं काका. जुनं बसवून पायजे असन तं गाडी घेऊन या, मजुरी घेनार नाई." बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही त्याने.

आज उपकाराचं काही आठवत नाही.

१७ मार्च

पौर्णिमा डबा न घेता गेली.

२९ मार्च

घरात तीन माणसं आणि बोलतो फक्त रेडिओ. मी बरोबरच आहे. आकडे खोटं बोलत नाहीत.

६ एप्रिल, रामनवमी

पहाटे कामरगावहून दहा सवाऱ्या घेऊन पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या यात्रेला. काय गर्दी! गाडी दीड कोस अलीकडेच लावावी लागली. भोग, नगारे, लाल घागरे, उन्हात लखलखणाऱ्या आरशांच्या ओढण्या. एका म्हातारीने माझी जात-गोत काही न विचारता द्रोणभर लापशी हातात दिली. त्या लापशीचे उपकार नक्की.

मदनसिंग इथलाच. कारंज्याच्या जिनिंगच्या संस्थेत आम्ही दोघं बरोबरीचे ड्रायव्हर होतो, दोघंही रोजंदारीवर. एकालाच कायम करायचं ठरलं, साहेब म्हणाले ज्याचं ॲव्हरेज जास्त त्याला. मी लागलो. तो गावी परतला, लोकांचे ट्रॅक्टर चालवले. गडी दिलदार. जाताना मला मिठी मारून म्हणाला होता, "दौलत, गाडी सांभाळ." दरवर्षी इथे येतो आणि दरवर्षी म्हणतो की भेटू. आजही राहिलं.

९ एप्रिल, बुधवार

काय लिहू!

चंपाला चष्म्यासाठी कारंज्याला नेत होतो. चंपा वाचायला शिकली ती लग्नानंतर, साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून रस्त्यावरचा दगड न वाचता सोडत नाही. "कारंजा एकोणीस. कारंजा अठरा." वीस वर्षं मी हे ऐकतोय आणि वीस वर्षं वैतागतोय. हल्ली ती माझ्याशी बोलत नाही, पण दगडांशी बोलते.

"कारंजा सतरा," ती म्हणाली, तेव्हाच मीटरवर ८८,९०० चे शून्य फिरले. गोल आकडा, म्हणून लक्षात राहिला. पुढे मी काही बोलत नाही, तीही नाही, नुसते दगड. आणि "कारंजा सात" ऐकलं तेव्हा सहज मीटरवर नजर गेली. साडेआठ.

दहा दगड गेले होते. मीटर म्हणत होतं साडेआठ!

गाडी बाजूला घेतली. चंपाला म्हटलं, पुन्हा मोज. ती म्हणाली, "चष्म्याचं दुकान बंद होईन नं!" तरी फिरवली. मागे दहा दगड — साडेआठ. परत पुढे दहा दगड — साडेआठ. लिंबाखाली उभं राहून सगळं समजलं. मीटरची वायर गिअरबॉक्सला लागते. ती मधल्या शाफ्टचे फेरे मोजते, रस्ता नाही मोजत. मागचे दात बदलल्यावर तोच रस्ता शाफ्ट कमी फेऱ्यांत कापते. मीटरला वाटतं गाडी कमी चालली. म्हणूनच काटा पन्नासवर असून कारंजा लवकर येत होतं! हेच त्या पोराने पहिल्या दिवशी सांगायला तोंड उघडलं होतं.

चंपाच्या औषधाच्या पावतीमागे हिशेब मांडला. ४५७ नव्हे, ५३८. ३६९ नव्हे, ४३४. भागले. एकदा साडेतेराला जरा कमी, एकदा साडेतेराला जरा जास्त.

जेवढं म्हणाला होता, तेवढंच!

मी तिथेच जीपच्या पायरीवर बसलो. तीस वर्षं रीडिंगमधून रीडिंग वजा करणारा मी शहाणा, आणि रस्ता किती आहे हे दगडाला विचारायचं कधी सुचलं नाही. चंपा शेजारी उभी होती. म्हणाली, "मी कवापासून वाचून दाखवून राह्यली तुमाले."

आजचे उपकार — चंपाचे. फक्त चंपाचे. चष्मा उद्या.

१० एप्रिल

सकाळीच अश्वजितच्या गॅरेजवर. तो एका ट्रकखाली झोपून काम करत होता, नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना म्हटलं, "बाबू, बाहेर निघ. मले माफी मांगाची हाय."

धडपडत बाहेर आला, डोकं आपटलं त्याचं. मी दगडांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, चूक माही बी हाय. मीटरचा बारका गिअर बी बदलाव लागते, तो अकोल्याहून याचा होता. दात बदलले का मीटर हमखास खोटं बोलते. कदी कमी दाखवते, कदी जास्त."

"मंग तू मले दुसऱ्यांदा काहून नाई सांगतलं?"

खाली बघून हात पुसत राहिला. "दुसऱ्यांदा सांगतलं असतं तं तुमाले वाटलं असतं, पोरीसाठी गयावया करून राह्यला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं. म्हटलं, "आता काका म्हनू नोको. जावई सासऱ्याले म्हन्ते तसं मामा म्हन."

संध्याकाळी पौर्णिमाला बोलावून सांगितलं, मी चुकलो. बापाने पोरीला असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. तिने माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली भाकरी वाढली.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत अश्वजितने चारचौघांत "मामा" म्हणून हाक मारली. चंपाने ऐकलं, पदराआड हसली. बाबासाहेबांचे उपकार वेगळे काय लिहायचे, ते रोजचेच.

साखरपुडा बुद्धपौर्णिमेला, १२ मे. पौर्णिमा जन्मली तीही नव्व्याण्णव सालच्या बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधी, म्हणून तर हे नाव.

२० एप्रिल, रविवार

पाहुणे येणार म्हणून घर झाडायला काढलं. माझ्या वाट्याला शोकेस. त्यात माझी ढाल — "उत्तम चालक, १९९९". चिंचेने घासत होतो. घासता घासता अश्वजितचं वाक्य आठवलं. कधी कमी दाखवते, कधी जास्त.

हात थांबला.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडच्या संस्थेच्या जीपला काय पिकअप आला होता! चढावर सगळी जनता तिसरा टाके, मी चौथ्यात जाई. वर ॲव्हरेजही वाढलेलं. मी साऱ्यांना सांगत फिरायचो — हात लागते राजा, हात!

पिकअपही वाढला, ॲव्हरेजही वाढलं. दोन्ही हातात लाडू. आणि ते तर भेटत नाहीत.

ट्रंकेतलं जुनं लॉगबुक काढलं. माझ्याच अक्षरात सापडलं. ६ मार्च १९९९, मागचं हौसिंग तुटलं, भंगारातल्या दुसऱ्या जीपचं बसवलं, आतल्या क्राउन-पिनियनसकट. त्याच्या आधी सगळीकडे बारा. त्याच्यानंतर सव्वातेरा, सव्वातेरा, सव्वातेरा. मार्च ते मे याच तीन महिन्यांचं ॲव्हरेज साहेबांनी धरलं होतं.

दात कोणी मोजले होते तेव्हा? मी नाही. पण एक्केचाळीस-नऊच्या जागी त्रेचाळीस-आठचं हौसिंग बसलं असणार. यावेळी झालं त्याच्या बरोबर उलटं. मीटर दहाचे पावणेबारा दाखवत असणार. हिशेब केला. खरं ॲव्हरेज सव्वाअकरा.

मदनसिंगचं त्या तीन महिन्यांचं बारा होतं.

कायमची नोकरी त्याची होती. हे घर, चंपाचं ऑपरेशन, पौर्णिमाचं शिक्षण, मी ज्या ज्या गोष्टीसाठी या वहीत उपकार मानले त्या सगळ्या — त्याच्या ताटातल्या. आणि मी दरवर्षी पोहरादेवीला जाऊन त्याला न भेटता परत येतो.

२१ एप्रिल

ढाल आत ठेवली. उपकाराचा रकाना कोरा.

२३ एप्रिल

चंपाला सांगितलं. तिने तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"तुमी जानूनबुजून केलं?"

"नाई."

"मंग भेता कायले? जाऊन सांगा त्याले."

"तो म्हनन, माह्यं आयुष्य खाल्लं."

"म्हनू द्या. खाल्लंच हाय." मग तांदळातला खडा बाजूला टाकत, "पन आपुन खाल्लं, तुमी एकट्यानं नाई. मी बी खाल्लं. पोरीनं बी."

२७ एप्रिल, रविवार

पोहरादेवीला गेलो. एकटाच, लॉगबुक पिशवीत घेऊन. मदनसिंग घराबाहेर बाजेवर बसला होता. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण हसणं तेच. "अरे दौलत! सूर्य कुकून निंगाला आज?" भुरीबाईने चहा टाकला, वर भाकर खाऊन जा म्हणून बसवून घेतलं. त्याने माझी जीप चहूबाजूंनी पाहिली, बोनेटवर हात फिरवला. तीन एकर कोरडवाहू, दोन बैल, एक मुलगा पुण्याला कंपनीत. तक्रारीचा एक शब्द नाही.

तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा दुसरंच काही बोललो. शेवटी साखरपुड्याचं आमंत्रण दिलं आणि निघालो. लॉगबुक पिशवीतच राहिलं.

येताना वाटेतले दगड मोजत आलो. भुरीबाईच्या भाकरीचे उपकार. लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

५ मे

अकोल्याहून मीटरचा बारका गिअर आला. अश्वजितने बसवला. दहा दगडांचे आता दहा. गाडी खरं बोलायला लागली. मी अजून नाही.

११ मे, रविवार

उद्या साखरपुडा. मांडवाचे बांबू रोवून झाले. चंपा म्हणाली, तो आला तर उद्याच्या उद्या सांगून टाका, नाही तर पोरीच्या डोक्यावर अक्षता-फुलं टाकताना हात कापेल तुमचा. बरोबर आहे तिचं. ढाल शोकेसमधून काढून लॉगबुकासोबत जीपमध्ये ठेवली.

आला पाहिजे मात्र.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

मदनसिंग आला, भुरीबाईला घेऊन. पंगत उठल्यावर त्याला जीपजवळ नेलं. ढाल आणि लॉगबुक त्याच्या हातात दिलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्याने लॉगबुक उघडलंसुद्धा नाही. "मले ठाव हाय ना बाप्पा. या पोरीच्या जल्माच्या टायमाले तू आठ दिवस सुट्टीवर होता. तुही गाडी मीच चालवली. दगड मोजले म्या. दहाचे पावनेबारा दाखवत होती."

"मंग सायबाले काहून नाई सांगतलं?"

मांडवात पौर्णिमा कोणाला तरी पाणी देत होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "माह्यापाशी तीन एकर वावर होतं, दौलत. तुह्यापाशी आठ दिवसाची पोरगी होती."